सटवाजीबांच्या बांधावरची पंगत

सटवाजीबा रोज सकाळी पटका बांधून बांधावरच्या काटेमाठाला रामराम घालत. पाव्हण्याला घालावा तसा, जरा वाकून. मग उकिडवे बसून एखादं पान उलटं करत आणि मागं चिकटलेल्या माव्याच्या किड्यांना विचारत, "काय मंडळी, पोटभर हाय ना?"

तेलगावात आमचे मळे शेजारी-शेजारी. माझ्या मळ्यात हराळीची काडी दिसायची नाही. डोक्यावर टोपली घेऊन दारोदार भाजी विकत मी ही जमीन केलेली. तिथं फुकट वाढणारं काही मला खपत नसे. सटवाजीबांचा बांध मात्र काटेमाठानं आणि आघाड्यानं कमरेएवढा माजलेला. त्यातला किडा न् किडा उद्या माझ्या वांग्यांवर येणार, अशी माझी खात्री.

"गवत काढा," मी म्हणायचो.

"कावून?"

"किडे पोसता तुमी!"

"ते त्यांच्या पंगतीला बसलेत, अण्णा. ताट वढलं की तुमच्या पंगतीला येतील."

मी घासाघिशीवर उतरलो. अर्धा बांध काढा. पाव काढा. बरं, माझ्या अंगाची हातभर पट्टी तरी काढा! बाजारात मी भल्याभल्या दलालांना घाम फोडलाय. हा माणूस नुसता हसे. घासाघीस न करता मला हरवणारा हा एकटाच. तो राग मी अजून जपून ठेवलाय. शेवटी पटवाऱ्याकडं अर्जी नेली. तो म्हणाला, "गवतावर दावा चालत न्हाई, बे. घरी जा."

मग सटवाजीबा चार दिवस नारायणगडाच्या जत्रेला गेले. मी विळा घेतला आणि दुपारपर्यंत बांध हजामत केल्यासारखा गुळगुळीत केला. त्या दिवशी मला दोन भाकरी जास्त गेल्या.

ते परतले तोवर माझ्या वांग्यांचे शेंडे चिकट होऊन मुरडले होते. पानापानामागं मावा. काटेमाठ वाळल्यावर सगळी पंगत उठून माझ्याकडं आली होती. राख उधळून उपयोग झाला नाही. सटवाजीबा बोडक्या बांधाकडं बघत उभे राहिले. ते टोमणा मारायच्या आत मीच ओरडलो, "वांगी गेली की मळा इकतो आन् बीडला जातो! बसा मग तुमी एकटे!"

ते पटका सावरत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सटवाजीबा माझ्याच वांग्यांत ओणवे. हातात पळसाचा द्रोण. "चोर!" म्हणत काठी घेऊन धावलो. द्रोणात वांगी नव्हती. लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे वळवळत होते. सटवाजीबा एकेक उचलून माझ्या पानांवर सोडत होते.

"वढ्याकाठच्या गवतातनं येचून आनले. मावा खात्यात हे, लई अधाशी. आपल्या बांधावरबी व्हते."

"मी तुमचा बांध कापला," मी म्हणालो, "आन् तुमी माझी वांगी कावून वाचवताय?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुमी बीडला गेल्यावर माझ्याशी बोलंल कोन? तुमी रोज भांडता तरी."

मी काठी टाकली आणि द्रोण धरून बसलो.

पंधरा दिवसांत वांगी सावरली. भांडायला कारणच उरलं नाही. दोन सकाळी सटवाजीबा बांधावर उगाच घुटमळून परत गेले. तिसऱ्या दिवशी मी आवाज चढवून म्हणालो, "ओ सटवाजीबा! तुमचा बैल माझ्या मळ्याकडं वाकडं बघतो!"

म्हाताऱ्याचं तोंड केवढं उजळलं!

"कावून न बघंल?" म्हणत ते कंबर कसून बांधाकडं आले.