डाव्या हाताचं बोट

सोजराबाईंच्या ग्रामपंचायत निवडणुकीला एकच दिवस राहिला होता, आणि त्यांचे यजमान हौसराव गाडीची खिडकी खरवडत बसले होते. एसटीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग आणि शेगडी बसवून फिरतं घर केलं होतं. घर झकास होतं, फक्त पाऊस खिडकीतून थेट पलंगावर यायचा.

शिरूरच्या दुकानदाराने त्यांनी उचललेलं बाथरूमचं पांढरं सिलिकॉन बाजूला सारलं. "हे हादऱ्यानं सुटतंय, मामा. गाडीच्या काचंला लावत्यात ते काळं लुकण न्या. पन बोटाला लागलं तर आठ दिस निघत न्हाई."

हौसरावांनी खिडकीभोवती अशी देखणी काळी रेघ ओढली की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. संध्याकाळी प्रचाराची माणसं चहाला आली.

"कुणी हात लावू नगा, वलं हाय!" हौसरावांनी बजावलं.

झालं! एवढं ऐकल्यावर आपल्या माणसाला धीर निघतो होय? उजव्या हातात कप होता, म्हणून एकेकाने डाव्या हाताचं बोट दाबून पाहिलं.

"व्हय की, वलंच हाय!"

रॉकेल झालं, खोबरेल झालं, बोटं काळीच राहिली. पहाटे हौसरावांनी बिचाऱ्या रेघेवर नवा थर दिला.

मतदान केंद्रावर प्रचारातल्या नकुशीचं बोट बघून अधिकारी म्हणाले, "तुमचं मतदान झालंय." मागच्याचंही झालेलं. अर्धी रांग काळ्या बोटांची!

विरोधी पार्टीचे रखमाजी हरखले. "बोगस! माझा आक्षेप हाय, साहेब!"

सोजराबाईंना रडूच आलं. "उन्हातान्हात मतं मागत हिंडले मी, आन् तुम्ही माझ्याच माणसांची बोटं रंगवली!"

हौसरावांनी धावत जाऊन गाडी शाळेच्या फाटकाबाहेर आणली. साहेब आले, रखमाजीही आले.

"ह्या लुकणानं झालंय, साहेब."

साहेबांच्या उजव्या हातात मतदार यादी होती. "अजून ओलं आहे का?" म्हणत त्यांनी डावं बोट दाबलं. रुमालाने पुसलं, थुंकी लावून पुसलं, मग यादीकडे बघितलं.

"यादीत खूण नसेल त्याला मतदान करू द्या," ते आत जाऊन म्हणाले. "शाई दुसऱ्या बोटाला लावा. रखमाजी, तुमचा आक्षेप लेखी द्या."

रखमाजींचा डावा हात खिशात होता.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," ते हळूच म्हणाले, "माझंबी मत व्हायचंय अजून."