चारशे शेअर, तीन गिऱ्हाइकं

"शनिवारपतोर थांबतो. त्येच्यापुढं मशीन दुसऱ्याला," असं जोतीरामनं सांगितलं, तेव्हा सोमवार होता आणि धैर्यशीलच्या खिशात मोबाईलशिवाय काही नव्हतं. जोतीराम कुपवाडमधलं वर्कशॉप मोडून कडेगावला ऊस लावायला निघाला होता. लोखंड कातायच्या त्याच्या जुन्या लेथची किंमत ऐंशी हजार. धैर्यशील चौदा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात पंप बनवत होता. पंधराव्या वर्षी स्वतःच्या शेडमध्ये बनवायचे, असं त्यानं आणि बायकोनं, रेश्मानं, ठरवलं होतं.

पैशाची सोय तशी होती. कारखान्यानं मागं कामगारांना शेअर दिले होते, त्यातले चारशे धैर्यशीलकडे होते. अडचण एवढीच, की कंपनीची शेअर बाजारात नोंद नव्हती. नोंद असलेल्या शेअरचा भाव साऱ्या देशाला एकदम दिसतो. बिननोंदीच्या शेअरचा भाव दलालाला फोन करून विचारावा लागतो आणि जितके दलाल तितके भाव निघतात. हे दलाल रोज सकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर भावाची यादी टाकत आणि खाली बारीक अक्षरात लिहीत, 'भाव केवळ अंदाजासाठी.' त्या दिवशी यादीत दोनशे रुपये होते. चारशे गुणिले दोनशे म्हणजे बरोब्बर लेथ.

"थांब गड्या," शेजारचे कुतुबुद्दीनचाचा म्हणाले. चाचांनी सांगलीच्या पेठेत चाळीस वर्षं हळदीची दलाली केली होती. रुमालाखाली बोटं दाबून सौदे व्हायचे, त्या काळातले ते. "ह्ये तर आमचंच रुमालाखालचं मार्केट. इकायला आलोय म्हटलंस की भाव पडला. पैलं गिऱ्हाईक हून इचारायचं."

"कुणी?"

"तिघांनी. एकाच्या सांगण्यावर इस्वास ठेवू ने."

सल्ला फुकट होता, म्हणून लगेच मानला गेला. धैर्यशीलनं सांगलीच्या शिवतेज नावाच्या दलालाला फोन केला, चाचांनी साताऱ्याच्या, रेश्मानं फलटणच्या. तिघांनीही चारशे शेअर मागितले. तिन्ही दलाल "देतो की" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर शेअर शोधायला लागले, कारण एकाकडंही एक शेअर नव्हता. प्रत्येकानं उरलेल्या दोघांना विचारलं. ज्याला विचारलं त्याला वाटलं, आणखी एक गिऱ्हाईक आलं. संध्याकाळपर्यंत बाजारात तीन हजार सहाशे शेअरना मागणी होती आणि भाव दोनशे चाळीस झाला होता.

"आज इकायचं?" धैर्यशीलनं विचारलं.

"चढत्या भावात कोण इकतं?" चाचा म्हणाले. "रेश्मा, तू परत फोन लाव. घाई हाय म्हण."

बुधवारी भाव तीनशे दहा झाला. कारखान्याच्या कँटीनमध्ये कंपनी जपानी लोक घेणार असल्याची बातमी आली. ज्याच्याकडे पन्नास शेअर होते त्या वॉचमननं साहेबांना सलाम करणं थांबवलं आणि नुसती मान हलवायला सुरुवात केली.

गुरुवारी धैर्यशील सांगलीला शिवतेजच्या ऑफिसात गेला.

"चारशे हायत. इकायचेत."

"घेतो की. एकशे सत्तर."

"तुमीच ग्रुपवर तीनशे दहा लिवलंय."

"त्यो आमचा द्यायचा भाव. घ्यायचा येगळा."

"मग द्यायला किती हायत तुमच्याकडं?"

"एकबी न्हाई."

धैर्यशील खुर्चीत होता, तरी त्यानं खुर्ची घट्ट धरली. "आवं, पर एवढी गिऱ्हाइकं हायत न्हवं?"

"तीनच हायत. साताऱ्याच्या दलालाकडं एक हळदीवाला म्हातारा, लय चिवट. फलटणवाल्याकडं एक बाई, दिसातनं चार येळा फोन. दोघांस्नी बी कालपास्नं पैसे टाका म्हणतायत, तर फोन उचलनात."

"आन तिसरं?"

"तिसरं तुमीच की. सोमवारी मागितले न्हाई का? मला वाटलं, आज घ्यायला आलाय."

शनिवारी धैर्यशील जोतीरामकडं गेला तो, चारशे शेअर विकून पैसे देतो म्हणत आठवडाभर मुदत मागायला. एकशे सत्तरनं अडुसष्ट हजारच होत होते आणि बाकीचे बारा कुठून आणायचे ते चाचांनाही सुचलं नव्हतं.

"मुदत कशाला?" जोतीराम म्हणाला. "दलालांच्या ग्रुपवर मी बी हाय, तीनशे दहाचा भाव बघितलाय. मला रोकड नकोच. ते चारशे शेअर माज्या नावावर कर आन लेथ ने."

धैर्यशीलनं दोन्ही हात हलवले. "दादा, त्यो भाव खरा न्हाई. ती तीन गिऱ्हाइकं म्हंजे मी, माजी बायकू आन आमचं चाचा."

जोतीराम हसला. "म्हंजे तुज्या मनात द्यायचे न्हाईत. बरं. ड्रिल मशीन बी ने."

"दादा, गळ्याशपथ. दलाल एकशे सत्तरच द्यायला तयार हाय."

"वर आन मला भ्या घालतोस. म्हंजे आतली खबर हाय तुजपाशी. वेल्डिंगचा सेट घे, आता तर झालं?"

"आवं, पाया पडतो तुमच्या, नका घेऊ."

पाया पडणारा विकणारा जोतीरामनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यानं ग्राइंडरही टेम्पोत चढवला आणि धैर्यशीलला हाताला धरून शेअर नावावर करायचा डीमॅटचा फॉर्म भरायला नेलं.

दुपारी टेम्पो दारात थांबला, तेव्हा कुतुबुद्दीनचाचा त्याला एक फेरी मारून आले.

"त्येला खरं सांगितलंस का न्हाई?"

"तीनदा सांगितलं, चाचा. दर येळी एक मशीन वाढत गेलं."

रेश्मानं टेम्पोत नीट डोकावून पाहिलं. मग नवऱ्याकडं वळली.

"त्येंच्याकडं कॉम्प्रेसर बी हुता," ती म्हणाली. "चौथ्यांदा सांगाय काय झालं हुतं?"