शंभरपैकी एकसष्ट चारित्र्य

एल्डरब्रुक कॉलेजच्या बास्केटबॉल संघात यापुढे केवळ उंच नव्हे, तर उंच आणि सज्जन मुलं घ्यायची, असा ठराव मे महिन्यात एकमताने मंजूर झाला. ठरावाची वेळ का आली, हे इतिवृत्तात नमूद नाही. पण इंडियानाच्या त्या भागात शेंबडं पोरही सांगेल की, संघातल्या चार खेळाडूंनी समाजशास्त्राला एकच निबंध दिला होता आणि त्या निबंधानुसार चौघांचीही आजी पोलंडमध्ये सुईण होती. चौघांपैकी एक जण पोलंड हे शेजारच्या इलिनॉयमधलं गाव समजत होता.

ठरावाआधी कॉलेजने रीतसर लोकमत घेतलं. वर्षाचं तिकीट काढणाऱ्या चाहत्यांना विचारण्यात आलं की, खेळाडूत गुणवत्ता महत्त्वाची की चारित्र्य? चौऱ्याण्णव टक्के लोकांनी चारित्र्यावर खूण केली. उरलेल्या सहा टक्क्यांनी प्रश्न न वाचताच, हॉलमधले हॉट डॉग गार असतात, अशी तक्रार लिहून पाठवली. क्रीडासंचालक ग्रेचेन ओबरहोल्ट बाईंनी चौऱ्याण्णवचा आकडा मोठ्या अक्षरांत हॉलच्या दारावर लावला. हॉट डॉगसाठी वेगळी समिती नेमली.

या सगळ्यात कामाला जुंपला गेला तो वॉरन पिकेट. पिकेट हा दुय्यम कोच. खेळाडू हेरायचे, त्यांच्या घरी जायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि पोराला एल्डरब्रुकमध्ये आणायचं, हे त्याचं बावीस वर्षांचं काम. दक्षिण इंडियानात कोणत्या घरी बटाटे जास्त शिजतात आणि कोणत्या घरी ॲपल पाय पुन्हा मागावा, हे त्याला तोंडपाठ होतं. पोट तर साक्षीला होतंच. माणूस मनाचा भला होता आणि भल्या माणसाला शोभेल इतका भित्राही होता.

चारित्र्य-मूल्यमापन समितीच्या पहिल्या बैठकीत त्याला विचारलं गेलं की, मुलगा सज्जन आहे हे तुम्ही ओळखता कसं?

"मी ताट बघतो," पिकेट म्हणाला.

"ताट?" ओबरहोल्ट बाईंनी पेन उचललं.

"घरी जेवायला बसलं की मी पोराच्या खेळाबद्दल बोलतच नाही. जेवण झाल्यावर तो आपलं ताट स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवतो का, एवढंच बघतो. बावीस वर्षांत दोनदाच फसलोय."

"याला गुण किती द्यावेत?"

"गुण नाही हो द्यायचे, बाई. बघायचं फक्त."

ताटाला पंधरा गुण ठरले. खरं बोलण्याला दहा, वडीलधाऱ्यांशी वागण्याला दहा, असं करत शंभराचं पत्रक तयार झालं. चारित्र्यात साठाच्या खाली गेलेल्याला, मग तो रिंगवर बसून जेवत का असेना, शिष्यवृत्ती मिळणार नव्हती. पत्रक गोपनीय होतं, त्यामुळे ते राज्यभर पोचायला तीन आठवडे लागले.

ऑक्टोबरात पिकेटची उपासमार सुरू झाली. तो घास घेतोय तोच समोरचा पोरगा ताट घेऊन पळे. एका घरी तर पोराने स्वतःचं, आईचं आणि पिकेटचं अर्धा पीच पाय उरलेलं, अशी तिन्ही ताटं एका हातावर पेलून नेली. दुसऱ्या एका घरी एका ताटावरून दोन भावांची झोंबाझोंबी झाली. धाकटा सहावीत होता, पण त्याच्या आईने लांबचा विचार केला होता. तिसऱ्या घरची आई पिकेटला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "कोच, तुम्ही दर गुरुवारी येत जा ना. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्याने सिंक बघितलं." इंडियानापोलिसमध्ये सहा आठवड्यांत चारित्र्य घडवून देणारा एक क्लासही निघाला होता. तिथे सरावाला एक भाड्याची आई ठेवलेली होती म्हणे.

सुदैवाने पिकेटने शेवटच्या उरलेल्या शिष्यवृत्तीसाठी मुलगा आधीच शोधून ठेवला होता. ऑगस्टमध्ये, ताटाला गुण आहेत हे कोणाला ठाऊक नसताना, तो ऑरिन टिबेट्सच्या घरी जेवला होता. ऑरिन सहा फूट दोन इंच, हात बरे, नजर चांगली, उडी बेताची. जेवण झाल्यावर त्याने आधी वडिलांचं ताट उचललं, कारण त्यांची, म्हणजे रस टिबेट्सची, पाठ धरली होती. मग आईचं, मग स्वतःचं. हे सगळं तो बोलता बोलता करत होता, त्याचं त्यालाच भान नव्हतं. पिकेटने मनात जागा पक्की केली. त्यात या पोराची ख्याती त्याने आधीच ऐकली होती. विभागीय सामन्यात दोन सेकंद उरलेले असताना रेषेबाहेर गेलेला चेंडू पंचाने ऑरिनच्या संघाला दिला, तेव्हा हा पुढे होऊन म्हणाला होता, "सर, शेवटी माझाच हात लागला." संघ एका गुणाने हरला. गावचा न्हावी अजूनही त्याच्या मानेशी जरा घाईनेच वागत असे.

पडवीत उभं राहून पिकेटने त्याचा हात हातात घेतला. "शेवटची जागा तुझी. माझा शब्द."

"मग मला बोलावणाऱ्या त्या दुसऱ्या दोन कॉलेजांना मी नकार कळवतो," ऑरिन म्हणाला. "उगाच ताटकळत ठेवणं बरं नाही."

त्याने त्याच आठवड्यात कळवलं. दोन्ही जागा पंधरा दिवसांत भरल्या.

आणि मग मुख्य कोच डेल रॅफर्टी यांनी ट्रेंट केसिंजरला खेळताना पाहिलं. ट्रेंट सहा फूट अकरा इंच होता. रॅफर्टी परत आले ते एखाद्याला कुलदैवत भेटल्यासारखे.

"वॉरन, पोरगा नुसता हात वर करतो आणि कोपर रिंगला टेकतं."

"कोच, त्याला चार शाळांनी काढून टाकलाय. एकीकडे पंचावर खुर्ची फेकली होती."

"लागली?"

"नाही."

"बघ. म्हणजे संयम आहे."

"नेम चुकला, कोच."

"मग लांबून मारण्यावर काम करू."

समितीने दोन्ही मुलांचं मूल्यमापन केलं. चारित्र्यात ऑरिनला शंभर आणि ट्रेंटला तेवीस गुण पडले. त्या तेवीसपैकी पंधरा ताटाचे होते, कारण ट्रेंटने सहा आठवड्यांचा क्लास चार आठवड्यांत पुरा केला होता. पिकेटला वाटलं, निकाल लागला. पण रॅफर्टी शांतपणे उठले आणि म्हणाले की, पत्रकात गंभीर त्रुटी आहे. मुलगा आज कुठे आहे, एवढंच ते मोजतं. तो कुठून वर आला, हे मोजायची त्यात सोयच नाही.

ओबरहोल्ट बाईंना हे पटलं. बाई मुळात न्यायी होत्या. त्यांनी 'सुधारणा' नावाचा चाळीस गुणांचा नवा रकाना घातला आणि बाकीचे सगळे रकाने मिळून साठात बसवले. हकालपट्टी झाल्याशिवाय माणूस सुधारत नाही, म्हणून दर हकालपट्टीमागे दहा गुण ठरले. ट्रेंटच्या चार झाल्या होत्या. चाळीसपैकी चाळीस.

"आणि ऑरिनच्या?" पिकेटने विचारलं.

"एकही नाही," बाई कागद चाळत म्हणाल्या. "साधी ताकीदसुद्धा नाही. इतक्या वर्षांत काहीच केलेलं दिसत नाही."

"म्हणजे त्याने आधी काही भानगड करायला हवी होती?"

"तसा सल्ला समिती कोणाला देऊ शकत नाही. पण संधी सगळ्यांना सारखीच होती, मिस्टर पिकेट."

तरीही ऑरिनला साठपैकी साठ मिळून तो काठावर पास होण्याची शक्यता उरली होती. खरेपणाच्या रकान्यासाठी समितीने दोघांच्या नव्याने मुलाखती घेतल्या. तुम्ही कधी खोटं बोलला आहात का, हा प्रश्न होता. ट्रेंट म्हणाला, "आयुष्यात कधीच नाही." त्याला पूर्ण गुण मिळाले, कारण विरुद्ध पुरावा समितीपुढे नव्हता. ऑरिनने थोडा विचार केला आणि म्हणाला, "हो. मंगळवारी. आईने मीटलोफ केला होता. छान झालाय म्हणालो. खरं तर खालून करपला होता." बाईंनी कबुलीजबाब शब्दशः उतरवून घेतला आणि दोन गुण कापले.

ऑरिन अठ्ठावन्न, नापास. ट्रेंट एकसष्ट.

मूल्यमापक म्हणून पत्रकावर पिकेटची सही लागत होती. त्याने पेन खाली ठेवलं. "मी त्या पोराला शब्द दिलाय."

कॉलेजचे वकील, जे आतापर्यंत गप्प होते, त्यांनी विचारलं, "कोणत्या नमुन्यात?"

"नमुन्यात? पडवीत दिला. तोंडी."

"समितीच्या निर्णयाआधी?"

"ऑगस्टमध्ये."

वकिलांनी सहानुभूतीने मान हलवली. "हे तुमच्या दृष्टीने काळजीचं आहे. तुमचा करार जूनमध्ये संपतोय आणि नव्या करारात चारित्र्याचं कलम आहे. परस्पर शब्द देणं, हा गैरवर्तनाचा प्रकार होतो."

"आणि तो मागे घेतला तर?"

वकिलांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पत्रकाकडे पाहिलं.

"तर ती सुधारणा धरता येईल," बाई म्हणाल्या. "दहा गुण."

पिकेटला घर होतं, दोन मुली कॉलेजात होत्या आणि बास्केटबॉलशिवाय त्याला काही येत नव्हतं. आपण करतोय ते वाईट आहे, हे त्याला स्वच्छ कळत होतं. त्याने सही केली. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं, याचीच त्याला जास्त शरम वाटली.

निदान तोंडावर जाऊन सांगावं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तो टिबेट्सकडे गेला. ऑरिनच्या आईने, डार्लीन टिबेट्सने, दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि बसा म्हटलं नाही. रस आतल्या खोलीतून ओरडला, "त्याला विचार, काय चुकलं आपल्या पोराचं."

"काहीच चुकलं नाही," पिकेट म्हणाला. "तीच अडचण झाली."

ऑरिन जिन्यात उभा होता. "कोच, सही तुम्ही केलीत?"

"मीच केली."

"तुम्ही नाही म्हणू शकला असतात?"

खोटं बोलायला तो क्षण अगदी सोयीचा होता. पिकेटने कधी नव्हे ते खरं बोलून टाकलं. "म्हणू शकलो असतो, बाळा. घाबरलो."

ऑरिन दोन पायऱ्या खाली उतरला. मग म्हणाला, "सांगायला एवढ्या लांब आलात, बरं केलंत." त्याने शिव्या घातल्या असत्या तर पिकेट सुखाने घरी गेला असता.

ट्रेंट केसिंजर पुढच्या मोसमात एल्डरब्रुककडून खेळला. त्याने सरावात दोन जणांची नाकं फोडली आणि एकदा संघाची बस दीड तास थांबवून ठेवली. दोन्हींची नोंद, चाळीसची मर्यादा उठवून, सुधारणेच्या रकान्यात झाली आणि डिसेंबर संपेपर्यंत त्याचं चारित्र्य एक्क्याऐंशीवर पोचलं. संघ मात्र जिंकत सुटला. एल्डरब्रुकने एकतीस वर्षांत पाहिला नव्हता तो दिवस मार्चमध्ये उगवला. गटाचा अंतिम सामना, शनिवारची दुपार, तुडुंब भरलेला हॉल. चौऱ्याण्णव टक्केवाले सगळे सहकुटुंब आले होते. तीन सेकंद उरले होते आणि एल्डरब्रुक एका गुणाने मागे होतं. ट्रेंटने समोरच्या पोराच्या बरगडीत कोपर घातलं, पंचाला ते दिसलं नाही, आणि त्याने उडी घेऊन चेंडू रिंगच्या दिशेने सोडला. अख्खा हॉल उठून उभा राहिला. बाकापाशी पिकेट हात जोडून उभा होता आणि आत जाऊ दे, आत जाऊ दे, असं मनापासून पुटपुटत होता.

चेंडू हवेत आहे तोवर ऑरिनचं सांगून टाकतो. त्याला त्या वर्षी कुठेच जागा मिळाली नाही. तो काकांबरोबर धान्याच्या कोठारावर कामाला लागला. सुरुवातीला संध्याकाळी चर्चच्या मागच्या अंगणात एकटाच खेळायचा, आता तेही सोडलंय. डार्लीन म्हणते, पोरगा पूर्वी बोलता बोलता कामं करायचा, आता नुसती कामं करतो. मागच्या महिन्यात रसने त्याला विचारलं की, त्या दिवशी बाईंना मीटलोफचं सांगायची काही गरज होती का. ऑरिन म्हणाला, "हाच विचार मी रोज करतो, बाबा." सतरा वर्षांच्या त्या पोराचं हे असं झालं आणि त्याबद्दल कोणालाही वाईट वाटायला हवं.

तुम्हालाही वाटलं असेलच. चारित्र्य मोठं की गुणवत्ता, असं विचारलं तर तुम्ही कुठे खूण कराल, तेही मला माहीत आहे. पण हा मागचा परिच्छेद तुम्ही जरा भराभर वाचलात, कारण तुमचा अर्धा जीव त्या चेंडूत अडकला होता.

गेला. आत गेला. अभिनंदन.