फरशी छान बसवलीय

“म्हण, दुखतंय,” गाडी चालवता चालवता जोलीन म्हणाली.

“म्हणेन की तिथे.”

“तिथलं तिथे. आत्ता मला म्हणून दाखव.”

वर्लिन टोलेफसनने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. जानेवारीतलं मिनेसोटा, वर पांढरं, खाली पांढरं. त्याने घसा खाकरला. “जरा जाणवतं,” तो म्हणाला.

“वर्लिन!”

“बरं, बऱ्यापैकी जाणवतं.”

जोलीनने स्टिअरिंगवर हात आपटला. “सकाळी मोजा कोणी घातला तुला?”

“तू.”

“का?”

“तू जवळच होतीस म्हणून.”

जोलीनने गाडीचा वेग वाढवला. बोलून उपयोग नव्हता, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं.

वर्लिनने सगळं आयुष्य लोकांच्या तळघरात मिठाच्या गोण्या पोचवण्यात घालवलं. त्या भागातलं विहिरीचं पाणी जड, त्यामुळे घरोघरी ते मऊ करायचं यंत्र, आणि यंत्राला मीठ लागतं. दोन खांद्यांवर दोन गोण्या, अरुंद जिना, खाली ओल, वर घरमालकीण म्हणणार, “पाय पुसून या हं.” असं करता करता पाठीच्या दोन चकत्या कामातून गेल्या. डॉक्टर म्हणाले, आता गोणी विसरा, मांजरसुद्धा उचलू नका. तेव्हापासून विमा कंपनी अपंगत्वाचा चेक पाठवत होती. आता कंपनीला शंका आली होती. पत्र आलं, की अमक्या दिवशी अमक्या ठिकाणी जाऊन तुमची कामाची कुवत मोजून घ्या. मग बघू.

‘मग बघू’चा अर्थ जोलीनने लगेच लावला होता. चेक बंद, मग घर विकायचं, मग तिच्या बहिणीच्या, डार्लाच्या तळघरात राहायला जायचं. डार्लाच्या तळघरात तिच्या नवऱ्याचं तोंडाने वाजवायचं आणि हाताने वाजवायचं असं सगळं वाद्यभांडार होतं. आणि तो रोज वाजवायचा.

पण वर्लिनला चेक बंद होण्यापेक्षा चेक येण्याचीच जास्त लाज वाटायची. पोस्टमन ते पाकीट टाकून गेला की तो पडदा ओढून घ्यायचा. चर्चमध्ये कोणी विचारलं, “काय वर्लिन, सध्या काय?” तर म्हणायचा, “काही नाही, जरा निवांत.” त्याच्या घराण्यात दुखणं सांगायची पद्धतच नव्हती. आर्डेलकाकाचा अंगठा मक्याच्या यंत्रात गेला, तर काकाने आधी उरलेलं शेत कापून घेतलं आणि मग दवाखान्यात गेला. त्याचं कोणी कौतुकही केलं नाही. पाऊस येणार होता, मग काय करणार माणूस?

जोलीनने त्याला दारापाशी सोडलं. “चार तास चालतं म्हणे. मी दुकानातून जाऊन येते. आणि वर्लिन, देवाशपथ, खोटं बोलू नकोस.”

“मी कधी खोटं बोललो?”

“तेच. जन्मभर.”

ती गेली. तो दाराकडे वळला, आणि तेवढ्यात त्याला ती लाल गाडी दिसली.

गाडी बर्फाच्या ढिगात रुतली होती. चाकं जागच्या जागी भिरभिरत होती आणि आत बसलेली बाई काच खाली करून बर्फाला, नवऱ्याला आणि मिनेसोटा राज्याला शिव्या देत होती. आता बर्फात गाडी अडकलेली दिसली की थांबायचं आणि ढकलायचं, हा तिथला नियम आहे. कायद्यात लिहिलेला नाही, पण कायद्याहून कडक. आत सात जन्माचा वैरी बसलेला असला तरी ढकलायचं, आणि तो आभार मानायच्या आत चालू लागायचं. वर्लिनला आपली पाठ आठवायच्या आधी त्याचा खांदा गाडीला लागलासुद्धा होता.

“गिअर टाका, मॅडम! हळू! आता!”

गाडी सुटली. त्याच वेळी वर्लिनच्या कमरेतही काहीतरी सुटलं. गाडी निघून गेली आणि तो दिव्याच्या खांबाला धरून, मान वर करून, जणू आभाळ बघतोय असा उभा राहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, माणूस भाविक दिसतो.

आत जाऊन तो खुर्चीत बसला नाही, कारण बसता येईना. भिंतीला टेकून उभा राहिला. थोड्या वेळाने दार उघडलं आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेली बाई हातात फाइल घेऊन आली.

“अहो, तुम्हीच की!” ती किंचाळली. “तुम्ही माझा जीव वाचवलात! मी रोझॅन पालुम्बो. न्यू जर्सीहून इथे लग्न करून आले, तीन हिवाळे झाले, अजून बर्फात गाडी काही जमत नाही बघा. किती ताकद हो तुमच्यात! कुठल्या पेशंटला घेऊन आलात?”

“मीच,” वर्लिन म्हणाला.

रोझॅनबाईंनी फाइलकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग परत फाइलकडे. “टोलेफसन? पाठीवाले?”

“हो. म्हणजे, तितकंसं काही नाही.”

“अरे देवा.” त्यांचा चेहरा उतरला. “मिस्टर टोलेफसन, गाडीतून उतरल्यापासून पेशंट काय काय करतो ते सगळं मला लिहावं लागतं. हेही लिहावं लागणार.”

“लिहा की,” वर्लिन म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले. चोरी करताना पकडलं जावं आणि चोरीसुद्धा दुसऱ्याच्या भल्याची असावी, तसं त्याला झालं. यांना आता वाटणार, हा ढोंगी. मोटार ढकलतो आणि फुकटचे चेक खातो.

त्यांनी त्याच्या छातीला नाडी मोजायचा पट्टा बांधला आणि समोर बसल्या. “किती दुखतंय? शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे ॲम्ब्युलन्स बोलवा.”

वर्लिनने प्रामाणिकपणे विचार केला. दहा हा आकडा बाळंतिणींसाठी ठेवायला हवा. नऊ आर्डेलकाकाच्या अंगठ्याचं. आठवर ज्यांना खरंच काही झालंय अशी माणसं असणार. आपण कोण?

“तीन,” तो म्हणाला.

“गाडी ढकलायच्या आधी?”

“तीन.”

“आणि आता?”

“सव्वातीन.”

तेवढ्यात पट्ट्याला जोडलेलं यंत्र टीं टीं करायला लागलं. रोझॅनबाईंनी भुवया वर केल्या आणि आकडा लिहून घेतला.

मग मुठी आवळायची चाचणी झाली. मग चालायची. मग एका प्लॅस्टिकच्या खोक्यात लोखंडी वजनं भरून ते फळीवरून उचलायचं होतं. रोझॅनबाई वजनं उचलून खोक्यात टाकायला लागल्या आणि वर्लिनला बघवेना. बाईमाणूस जड उचलतंय आणि आपण हात बांधून उभे?

“द्या मॅडम, इकडे.”

“ठेवा ते खाली!”

“अहो, जड आहे ते.”

“माहितीये जड आहे! मीच काढलंय! तुम्ही फक्त मी सांगेन तेव्हा उचलायचं!”

“मग सांगायच्या आधी उचललेलं धरत नाहीत का?”

रोझॅनबाईंनी कपाळाला हात लावला. वर्लिनने वजन ठेवलं. कपाळावरून घाम निथळत होता, ओठ पांढरे पडले होते आणि यंत्र आता टीं टीं सोडून सलग ओरडत होतं.

“आता किती?”

“साडेतीन धरा. खोली जरा गरम आहे.”

तेव्हा त्यांनी फाइल मिटली. “ऐका. माझ्याकडे लोक येतात, दहा दहा म्हणून बोंबलतात आणि नाडी बघावी तर झोपलेल्या बाळासारखी. त्यांना पकडायला हे यंत्र आहे. तुमचं उलटं आहे. पण अहवालात दोघांसाठी एकच वाक्य आहे. पेशंटचं बोलणं आणि शरीर जुळत नाही. ते वाक्य वाचलं की कंपनी चेक बंद करते. उलटं की सुलटं, कोणी विचारायला येत नाही. कळतंय का मी काय म्हणतेय?”

वर्लिनला कळत होतं. बाई चांगली आहे, दार उघडून धरलंय, आपण फक्त आत जायचंय. त्याला जोलीन दिसली, डार्लाचं तळघर दिसलं, तोंडाने आणि हाताने वाजणारी वाद्यं दिसली. त्याने तोंड उघडलं.

“मला...” तो म्हणाला. “म्हणजे मधे मधे... तशी...”

“हं? बोला, बोला!”

“कॉफी चांगली असते इथली,” वर्लिन म्हणाला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटची चाचणी जमिनीवरची होती. गुडघ्यांवर बसून जमिनीवर पसरलेल्या लाकडी खुंट्या गोळा करायच्या आणि उठायचं. वर्लिन खाली बसला. खुंट्या गोळा केल्या. आणि उठायला गेला तर कमरेखालचं सगळं अंग जणू दुसऱ्याच कोणाचं. हलेचना.

आता एक वाक्य बोलायचं होतं, फार तर तीन शब्दांचं. पण तेवढ्यासाठी वर्लिनच्या घराण्यात कोणी कधी जीभ उचलली नव्हती. तो खाली बघत राहिला. मग त्याने तळहात जमिनीवरून फिरवला.

“फरशी छान बसवलीय,” तो म्हणाला.

“काय?”

“सांधे बघा. एकसारखे. हल्ली असं काम होत नाही. कोणी बसवली?”

“मला काय ठाऊक? उठा आता.”

“उठतो की. घाई आहे का तुम्हाला?”

रोझॅनबाई थांबल्या. वर्लिनने फरशीचं कौतुक संपवून भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीचं सुरू केलं. मग खिडकीखालच्या हीटरचं. बोलता बोलता तो हळूहळू कलत होता, आणि शेवटी कुशीवर आडवा झाला. “इथून हीटर अजून नीट दिसतो,” तो म्हणाला.

“मिस्टर टोलेफसन, तुम्हाला उठता येत नाहीये का?”

“तसं नाही. बघतोय.”

“बास झालं! मी उठवते.”

“नको नको, मॅडम! तुमची कमर जाईल!”

“अहो, माणसं उचलायचंच मी लोकांना शिकवते!”

खरंच शिकवायच्या. गुडघ्यांत वाका, कमरेत नाही, हे त्या रोज सगळ्यांना सांगायच्या. पण सकाळपासून बर्फ, गाडी, हा माणूस, सगळा वैताग साठला होता. त्या कमरेत वाकल्या. वर्लिनच्या काखेत हात घातले. उचललं. आणि खोलीत ‘कट्’ असा आवाज आला.

“आई गं!” रोझॅनबाई त्याच्याशेजारी कोसळल्या. “मेले! मेले गं मेले! दहा! दहा आहे हे! अकरा!”

वर्लिन थक्क होऊन बघत राहिला. बाईंनी सरळ आकडा सांगितला होता, तोही मोठ्याने, वर एक जास्तीचा. आभाळ कोसळलं नाही. यांच्या वाडवडिलांपैकी कोणी थडग्यातून उठून आलं नाही.

“कोणाला तरी हाक मारा,” त्या कण्हल्या.

“बाहेर टेबलावर बसणारी बाई जेवायला गेली वाटतं.”

दोघं शेजारी शेजारी छताकडे बघत पडून राहिले. यंत्र ओरडतच होतं.

“आता तरी खरं सांगा,” रोझॅनबाई म्हणाल्या. “मी काही तुमच्याकडे वरून बघत नाहीये. तुमचं किती?”

वर्लिनने त्यांच्याकडे बघितलं. “तुमचं अकरा ना?”

“हो!”

“मग माझं नऊ धरा.”

“धरा म्हणजे? आहे किती?”

“तुमच्यापेक्षा जास्त कसं सांगू? बरं दिसत नाही.”

रोझॅनबाईंना हसू आलं, हसल्यावर कळ आली, कळ आल्यावर त्यांनी न्यू जर्सीची एक खास शिवी दिली. मग त्यांनी हात लांबवून पडलेली फाइल ओढली आणि झोपल्या झोपल्या पेन काढलं. “मी माझ्या मनाचं लिहिणार नाही. तुम्ही सांगा. तुमच्या तोंडाने.”

वर्लिनने मान दुसरीकडे वळवली. “मला उठता येत नाही,” तो हीटरला म्हणाला. “सकाळी मोजाही घालता येत नाही. बायको घालते.”

पेनाचा आवाज येत राहिला. वर्लिनचं तोंड इतकं तापलं होतं की गालाखालची गार फरशी त्याला बरी वाटली.

दार उघडलं. जोलीन दोन पिशव्या घेऊन उभी होती. खाली नवरा, नवऱ्याशेजारी एक अनोळखी बाई, दोघांच्या मधे फाइल.

“हे काय चाललंय?”

“चाचणी,” रोझॅनबाई म्हणाल्या. “संपत आलीय.”

जोलीन दुभती जनावरं पाळणाऱ्या घरात वाढली होती. आडवं पडलेलं उभं कसं करायचं हे तिला माहीत होतं. प्रश्न तिने विचारला नाही. कोट काढला, बाह्या सरसावल्या. “एका वेळी एकालाच उचलू शकते. कोणाला आधी?”

“आधी मॅडमना,” वर्लिन म्हणाला. तोंडातून आपोआपच निघालं.

जोलीन रोझॅनबाईंकडे वळली. वाकली. तिचे हात आता बाईंच्या खांद्यांना लागणार, एवढ्यात मागून बारीक आवाज आला.

“नाही. आधी मला.”

जोलीन तशीच वाकलेली थांबली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने हे शब्द ऐकले नव्हते, ना जेवायच्या टेबलावर, ना दवाखान्यात, ना दारातून जाताना. तिने वळून बघितलं. वर्लिनचे कान मानेपर्यंत लाल झाले होते, आणि त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

“म्हणजे,” तो म्हणाला, “मॅडमना चालत असेल तर.”