केरबामामांच्या फोनला पोटफुगी

केरबामामांचा फोन वाजला की ते लगेच उचलत नाहीत. आधी उलटा हात त्याच्या पाठीला लावून ताप बघतात. गरम लागला तर म्हणतात, "आंग तापलंय. जरा पडू द्या," आणि फोन वाजता वाजता सावलीत नेऊन ठेवतात. पलीकडचा माणूस कंटाळून नाद सोडतो. मामांना त्याचं काही नाही.

झरी गावात त्यांची आणि आमची भिंत एकच. मी शाळेत शिकवते, म्हणून त्यांच्यासाठी मी 'बाई'. मामा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टरांनी सुई भरायची आणि मामांनी बैल आडवा पाडायचा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण जगातल्या प्रत्येक वस्तूला ते अजून तेच निदान लावतात. पंखा कुरकुरला की 'सांधे धरलेत'. माझी स्कूटी सुरू झाली नाही की 'चारा बदलून बघा'. फोनवर गोल चक्र फिरत राहिलं की, "रवंथ करायलाय. हात लावू नका."

तोंड मात्र कडू. कुणी शेळी घेऊन आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "मरायला टेकली की आणता, आन मग केरबाचा हात वाईट म्हणता." गावाला मामा आवडत नाहीत, लागतात तेवढे. हल्ली तर कुणी घरीही येत नाही. जखमेचा फोटो फोनवर पाठवतात आणि औषध विचारतात. बरं झालं की कळवत नाहीत.

तो फोन दोन वर्षं त्यांना नवी आवृत्ती घ्या म्हणून विनवत होता. मामा दर वेळी 'नंतर'वर बोट ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "करून टाका की मामा." तर म्हणाले, "चालतं जनावर कशाला आडवं पाडायचं?"

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण याच हातानं त्यांनी आपल्या बायकोचाही ताप बघितला होता. तीन वर्षांपूर्वी. "साधा ताप हाय, उतरंल," म्हणाले आणि तीन दिवस काढे पाजले. चौथ्या दिवशी जीप करून परभणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" दहाव्याला सगळ्या भावकीसमोर त्यांची एकुलती मुलगी शोभा म्हणाली, "दादा, तुमी जनावराचे. माणसाचे न्हाई." दुपारच्या बसनं ती सासरी पालमला गेली, ती परत आली नाही. गाव हेसुद्धा मामांचा एक किस्सा म्हणून सांगतं. मी इथे बदलून आले तेव्हा मलाही हसत हसतच सांगितलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी मामा स्वतःहून फोन घेऊन आले.

"बाई, ह्याला नवं करून द्या. म्हातारा झालाय. मेसेज पोचंना गेलेत."

"कुणाला पोचत नाहीत?"

"सगळ्यानलाच."

हे खोटं होतं. त्याच सकाळी त्यांनी पाठवलेला, आमच्या मांजराच्या कानाला काय लावायचं ते सांगणारा मेसेज मला पोचला होता. मी फोन हातात घेतला.

फोनमध्ये तसूभर जागा नव्हती. मामांनी पडदा बघून निदान केलं, "पोटफुगी." मग आम्ही तासभर फोटो पुसत बसलो. ही पोखर्णीची म्हैस, हिचं आंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर आलं होतं. हा बैल, ह्याला कुंपणाची तार लागली होती. एकेका जनावराची हकीकत सांगून मामा म्हणायचे, "काढा." कशालाच जीव लावला नाही. मला वाटलं, माणूस निबर आहे.

माझ्या फोनचं नेट जोडून नवी आवृत्ती उतरवायला लावली. व्यायला झालेल्या म्हशीपाशी बसावं तसे मामा फोनपाशी मांडी घालून बसले. चहा दिला, तो तसाच निवला. शेवटी फोन बंद होऊन पुन्हा उजळला आणि त्यांनी लगेच तो माझ्यापुढे धरला. "शोभाचं काढा."

मी काढलं. वर बोट सरकवत गेले तरी संपेना. सगळे त्यांचेच मेसेज.

'शोभा जेवलीस का.'

'काळी म्हैस व्याली. पारडी हाय.'

'तुझ्या आईच्या साड्या उन्हात घातल्या.'

'माझं चुकलं.'

प्रत्येकाखाली एकच खूण. पाठवलेलं, न पोचलेलं. पलीकडून एकही अक्षर नाही.

मामांनी एका बोटानं हळूहळू लिहिलं, 'शोभा फोन नवा केला.' एक खूण उमटली. आम्ही दोघं दुसरीची वाट बघत बसलो. मला कारण कळलं होतं. तिनं त्यांचा नंबर ब्लॉक करून ठेवला होता. पण ते त्यांना सांगायला तोंड उघडेना.

"एक डाव बंद करून चालू करा," मामा म्हणाले. मी केलं. खूण एकच.

"तुमच्या फोनवरून जातो का बघा."

नाही म्हणायला हवं होतं. पण मी लिहिलं, 'नमस्कार, मी झरीतली, तुमच्या वडिलांची शेजारीण.' लगेच दोन खुणा. मग दोन्ही निळ्या.

"दोन कशाच्या?"

"पोचला."

"आन निळ्या?"

"वाचला तिनं."

मामांनी माझा फोन डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, "म्हंजी हातपाय धड हायत तिचे. बरी हाय." आपला नवा झालेला फोन खिशात घालून ते निघून गेले. त्याला काय झालं होतं, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी शोभाचं उत्तर आलं. 'त्यांना काही झालं का?'

मी घाईनं लिहिलं, 'नाही, ते अगदी बरे आहेत. काळजी करू नका.' तिनं वाचलं. पुढं काही आलं नाही.

सकाळी भिंतीवरून मामांना हे सांगितलं. त्यांनी हातातली वैरण खाली ठेवली. तिनं काय विचारलं ते दोनदा म्हणून घेतलं, शब्द न शब्द. मग म्हणाले, "आन तुमी काय कळवलं?"

"बरे आहेत म्हटलं."



"आजारी हाय म्हणायचं व्हतं की, बाई."