नमुना दुप्पट

शनिवार, दिनांक १८ सप्टेंबर १९६५ रोजी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी जबलपुरातील एका दारूगोळा कारखान्याच्या फाटकातून महाशीर माशाची दोन हजार पाचशे चाळीस जिवंत पिले आत आली. न तपासता घेतलेला माल ऐन वेळी दगा देतो, हे सत्य तोफगोळ्याला लागू आहे. माशाला ते का नसावे?

कारखान्यामागच्या करौंदी नदीत मासा उरला नव्हता. (कारखान्याचे धुवण तिथेच सोडले जाते, पण ते येथे अप्रस्तुत आहे.) नदी पुन्हा मत्स्यसंपन्न करावी, असे सरकारने ठरवले. मत्स्यखात्याकडे तपासनीस नव्हता, म्हणून काम कारखान्याच्या विष्णुपंतांकडे आले. युद्धामुळे पाळ्या दुप्पट झालेल्या, तरी पंतांनी ते आनंदाने पत्करले. सर्वपित्री अमावास्येला त्यांची पत्नी अनसूयाबाई सासूबाईंच्या नावाने माशांना कणकेच्या गोळ्या घालत; तीन वर्षे त्या तशाच वाहून गेल्या होत्या. यंदा मासे खातील, असा शब्द पंतांनी दिला. अमावास्येला आठवडा होता.

पद्धत सिद्धच होती. तोफगोळ्यांच्या प्रत्येक खेपेतले काही उडवून पाहायचे. उडाले तर खेप पास, न उडाले तर दुसऱ्या दिवशी नमुना दुप्पट. त्याच न्यायाने पंतांनी वीस पिले जाळीच्या पिंजऱ्यात घालून नदीत ठेवली. संध्याकाळी वीसही उताणी. रविवारी चाळीस, सोमवारी ऐंशी. निकालातले सातत्य वाखाणण्याजोगे होते.

बुधवारी तीनशेवीस गेली, तेव्हा मत्स्यखात्याचे भय्यासाहेब हात जोडून म्हणाले, "पंतजी, सब आप ही जाँच लेंगे, तो नदी में छोड़ेंगे क्या?" घरी पान वाढताना अनसूयाबाईंनीही विचारले, "अहो, माशांनाच काहून तपासून राहिले तुम्ही? पाणी तपासा नं."

"अगं, तपासतात तो बाहेरून आलेला माल," पंत शांतपणे म्हणाले. "पाणी आपलंच आहे."

गुरुवारी सीमेवर युद्धविराम झाला. नदीत झाला नाही. शुक्रवारी बाराशेऐंशी पिले उरली. हंडे गाडीत घालून ती सरळ नर्मदेत, ग्वारीघाटला सोडावीत, तिथेच हिला माशांना कणकेच्या गोळ्या घालू द्याव्यात, असे पंतांच्या मनात क्षणभर आले. पण नापास माल फाटकाबाहेर सोडणारा हात त्यांचा नव्हता. त्यांनी नमुना दुप्पट केला.

अमावास्येला अनसूयाबाईंच्या गोळ्या वाहून गेल्या. पंत शेजारी उभे राहून अखेरची गोळी दिसेनाशी होईपर्यंत पाहत होते. 'पुरवठा निकृष्ट, तपासणी शंभर टक्के पूर्ण' या त्यांच्या शेऱ्याबद्दल खात्याने आभार मानले.

हेच पाणी दोन मैलांवर नळाला लागते. पाण्याबद्दल अद्याप तक्रार नाही. पिणारा आजारी पडलाच, तर दोष त्याच्या प्रकृतीचा धरून आणखी नळ जोडतात. वाचकांनी हातातला पेला खाली ठेवण्याचे कारण नाही. तपासणी नियमानुसार चालू आहे.

चाचणी आठवी. नमुना : दोन हजार पाचशे साठ नळ.