सेगुंदोला जाऊ दिलं

अमेरिकेतल्या डॅनबरी गावच्या त्या लाँड्रीत गावातल्या हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुवायला यायचे. सोइला टॉवेलांच्या घड्या घालायची आणि तिचं टेबल नेमकं मालकांच्या काचेच्या खोलीला लागून होतं. त्या बुधवारी खोलीचं दार उघडं राहिलं आणि प्रुइटसाहेब सुपरवायझर डोरीनबाईंना जे म्हणाले, ते सोइलाच्या कानावर पडलं.

"वी हॅव टू लेट सेगुंदो गो. फ्रायडे."

सोइलाच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. इक्वेडोरहून येऊन तिला काही महिनेच झाले होते. चर्चच्या तळघरातल्या इंग्रजीच्या वर्गाला ती न चुकता जायची, पण कामावर कुणी बोललं की तिला मशीनची घरघर आणि माणसाची बडबड यांतला फरक कळत नसे. आज पहिल्यांदाच अख्खं वाक्य कळलं! लेट म्हणजे होऊ देणं. गो म्हणजे जाणं. फ्रायडे तर काय, सगळ्यांनाच येतो. सेगुंदोला शुक्रवारी जाऊ द्यायचं!

आता इंग्रजीत मालक माणसाला 'जाऊ देतो' म्हणजे नोकरीवरून काढतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वर्ग अजून फळांच्या नावांवर होता. शिवाय शंका यायला कारणही नव्हतं. सेगुंदो तेनेसाका हा इस्त्रीच्या मशीनवरचा माणूस, तिच्याच कान्यार गावचा. त्याच्या मुलीची, रोसाउराची, ती धर्ममाता; म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे आणि कोमाद्रे म्हणत. त्या रोसाउराचं लग्न ठरलं होतं. सेगुंदोचे अमेरिकेत राहायचे कागद नुकते कुठे पक्के झाले होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा गावी जाता येणार, म्हणून त्यानं दोन आठवड्यांची रजा मागितली होती, आणि साहेब हो म्हणत नव्हते की नाही म्हणत नव्हते.

सोइला धावतच इस्त्रीपाशी गेली.

"कोंपाद्रे! तुम्हाला जाऊ देतायत!"

"कोण?"

"साहेब! शुक्रवारी! या कानांनी ऐकलं मी."

"इंग्रजीत?" सेगुंदोनं संशयानं विचारलं.

"मग काय आपल्या गावच्या किचवा भाषेत बोलणार ते?"

सेगुंदोनं समोरची चादर तोंडाला लावली आणि तो ढसाढसा रडला. ती चादर पुन्हा धुवावी लागली. संध्याकाळी त्यानं विमानाचं तिकीट काढलं. रद्द केलं तर पैसे बुडणारं, कारण तेच स्वस्त होतं.

शुक्रवारी दुपारी लाँड्रीत भाजलेल्या डुकराचा घमघमाट सुटला. सेगुंदोनं भलंमोठं भगुणं आणलं होतं, सोबत उकडलेला मका आणि डोळ्यांत पाणी आणणारी मिरचीची चटणी. धुलाईवाले, ड्रायव्हर, सगळे उभ्या उभ्या जेवत होते. डोरीनबाई सकाळपासून या माणसाची नजर चुकवत फिरत होत्या. त्याला सांगायचं काम साहेबांनी त्यांच्यावर टाकलं होतं. शेवटी मन घट्ट करून त्या पुढे आल्या.

"सेगुंदो, तुला... कळलं?"

"कळलं! सोइला ऐकली."

"मला फार वाईट वाटतंय रे."

"वाईट नाही! मी खूश!" सेगुंदोनं त्याच्या तुटक इंग्रजीत सांगितलं. "साहेब मोठा माणूस. मला जाऊ दिलं!" आणि साहेबांसाठी भरलेली थाळी त्यानं बाईंच्या हातात दिली.

डोरीनबाई थाळी घेऊन खोलीत गेल्या. "त्याला कळलंय. तो तुमचे आभार मानतोय. आणि हे जेवण पाठवलंय."

प्रुइटसाहेब थाळीकडे बघत राहिले. आजवर काढलेल्या माणसांनी त्यांना शिव्या घातल्या होत्या, एकानं गाडीचा आरसा फोडला होता. पण जेवू कुणी घातलं नव्हतं.

"याला दुसरीकडे काम मिळालंय," ते म्हणाले. "बोलव त्याला. आणि ती वर्गाला जाणारी पोरगीही आण. नीट समजू दे मला."

सोइला टॉवेल टाकून सेगुंदोच्या मागोमाग खोलीत गेली. दुभाषी म्हणून तिला कुणी बोलावेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"सेगुंदो, चाललायस कुठे?" साहेबांनी विचारलं.

"कान्यार."

"कॉनर!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. गावाच्या दुसऱ्या टोकाला कॉनरची लाँड्री होती आणि साहेबांचं गिऱ्हाईक असलेलं एक मोठं हॉटेल त्यानं नुकतंच पळवलं होतं. "तिथं कोण आहे तुझं?"

सोइलानं सेगुंदोला विचारून सांगितलं, "बायको. मुलगी. भाऊ. सगळे."

"सगळे कॉनरकडे?" साहेबांचा चेहरा पडला. "आणि त्यांनी कबूल काय केलंय?"

सोइला गोंधळली. लग्नात कबूल काय करतात? तिनं आपलं सेगुंदोला विचारलं, तिकडे काय काय ठरलंय. सेगुंदोनं हौसेनं सांगितलं आणि तिनं जेवढं जमलं तेवढं इंग्रजीत केलं.

"दोन डुकरं. बँड. मग नाच."

"कॉनर कामगारांना नाचवतो?" साहेब डोरीनबाईंकडे वळले.

"आपण नाताळला डोनट देतो," बाई पुटपुटल्या.

माणसाचं मोठं विचित्र असतं. बुधवारी ज्या सेगुंदोवाचून काही अडत नव्हतं, तो कॉनरला हवा आहे म्हटल्यावर साहेबांना त्याच्याशिवाय इस्त्री कशी होणार ते समजेना.

"नाही! डोन्ट गो!" ते ओरडले. "पगार वाढवतो. जाऊ नकोस!"

एवढं इंग्रजी सेगुंदोलाही कळलं. तो पांढराफटक पडला. "नो गो? साहेब, तिकीट काढलं! मुलगी वाट बघते!" पुढचं सगळं तो स्पॅनिशमध्ये बोलला आणि रडला.

सोइलाचं डोकं गरगरायला लागलं. बुधवारी गो, शुक्रवारी डोन्ट गो! फळांच्या नावांत याचं उत्तर कुठेच नव्हतं. पण कोंपाद्रे रडताना बघून तिच्या अंगात बळ आलं.

"मिस्टर प्रुइट, तुम्ही बोललात. लेट गो. मी ऐकलं. हा माणूस, नऊ वर्षं, मुलगी बघितली नाही. पगार नको म्हणतो. जाऊ द्या. दोन आठवडे. मग परत."

"परत? माझ्याकडे?"

"परत. आईशप्पथ."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "ठीक आहे. दोन आठवडे कॉनरकडे बघून ये. तुझी जागा इथंच राहील, आणि पगारही वाढवून मिळेल." त्यांनी सेगुंदोचा हात हातात घेतला, आणि मग डुकराच्या थाळीवर असा ताव मारला की चटणीनं त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

सेगुंदो ठरल्या दिवशी परत आला. उन्हानं रापलेला, आवाज बसलेला. त्यानं साहेबांसाठी गावची गवती हॅट आणली होती. सोइलाला सोबत घेऊन तो खोलीत गेला आणि मोबाइलवरचे फोटो दाखवू लागला. डोंगर, चर्च, पांढऱ्या झग्यातली रोसाउरा, लाकडाच्या आगीवर दोन डुकरं.

साहेबांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "हे कॉनरकडे?"

"कान्यार," सेगुंदो अभिमानानं म्हणाला. "इक्वेडोर!"

डोरीनबाई तोंडावर हात दाबून भिंतीकडे वळल्या. मग हसू आवरत त्यांनी सोइलाच्या कानात, सावकाश, एकेक शब्द सोडवून, 'लेट गो'चा खरा अर्थ सांगितला. सोइलानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"काय झालं, कोमाद्रे?" सेगुंदोनं विचारलं.

"काही नाही. तुम्ही हसत राहा."

प्रुइटसाहेबांना आता सगळं उमगलं. वाढवलेला पगार परत घ्यायचा, तर का दिला होता ते सगळ्या लाँड्रीला सांगावं लागलं असतं. त्यांनी हॅट डोक्यावर चढवली, काचेत बघून थोडी तिरकी केली आणि सोइलाकडे बोट दाखवून, अफलातून माणसाला म्हणतात तसं, म्हणाले, "यू आर समथिंग एल्स!"

बाहेर आल्यावर सेगुंदोनं विचारलं, "काय म्हणाले गं ते तुला?"

सोइलानं एकेक शब्द मनात जुळवून पाहिला, दोनदा.

"म्हणाले, मी दुसरंच काहीतरी आहे."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"कोंपाद्रे," सोइला टॉवेल ओढत म्हणाली, "आता काहीही म्हणू देत. घरी कुणाला फोन करू नका, तिकीट काढू नका, आणि डुक्कर तर मुळीच भाजू नका."